टॉवर, चिमणी आणि बोंडअळीचा पतंग

चिमण्या कुठे गेल्या, असे अकोल्यात किंवा अमरावतीत कुणालाही विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते: मोबाइलचे टॉवर आले आणि चिमण्या गेल्या. या उत्तरामागची काळजी खरी आहे. कवेलूच्या घरांच्या वळचणीला चालणारा चिवचिवाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना आजची शांतता खुपते, आणि त्याच काळात गावोगाव टॉवर उभे राहिले हेही नाकारता येत नाही. पण दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्या म्हणीलाही ठाऊक आहे. प्राण्यांवर किरणांचा परिणाम होतो का, हा प्रश्न मुळात असा मोघम विचारून चालत नाही. कोणते किरण, किती मात्रा, कोणता प्राणी आणि त्याच्या शरीरात नेमके काय बिघडते, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आरोप सिद्ध होत नाही. ही कसोटी लावली की एका प्रकारचे किरण निर्विवाद दोषी ठरतात. दुसऱ्या प्रकारच्या किरणांवरचे बरेचसे आरोप टिकत नाहीत, एखाददुसरा मात्र टिकतो. आणि वऱ्हाडातल्या पाखरांचा मोठा शत्रू टॉवरवर नव्हे, तर आपल्याच शेताच्या धुऱ्याआत सापडतो.

आधी किरणांचा भेद पाहू. मोबाइलच्या लहरी, सूर्यप्रकाश, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच कुळातली, म्हणजे विद्युतचुंबकीय प्रारणे. फरक आहे तो त्यांच्या कंपनसंख्येत. हे प्रारण ऊर्जा अखंड ओतत नाही, तर लहान लहान पुड्यांमध्ये देते. या पुडीला फोटॉन म्हणतात, आणि कंपनसंख्या जितकी जास्त तितकी पुडी मोठी. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला, म्हणजे त्याचे आयनीभवन करायला, सुमारे १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा एका फटक्यात लागते. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ लहरीच्या एका फोटॉनमध्ये यापेक्षा सुमारे १७ लाख पट कमी ऊर्जा असते. उलट कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणाच्या एका फोटॉनमध्ये दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, म्हणजे गरजेच्या सुमारे लाख पट. पोतेभर सरकी एकेक दाण्याने दिवसभर पत्र्यावर टाकली तर पत्र्याला काही होत नाही. तेवढ्याच वजनाचा धोंडा एकदाच पडला तर भोक पडते. मोबाइलच्या लहरी कितीही काळ पडत राहिल्या तरी त्यांचे फोटॉन एकेकटे येऊन रेणू तोडू शकत नाहीत. ते रेणूंना फक्त हलवतात, आणि या हलण्यातून उष्णता निर्माण होते.

हा भेद किती मोठा आहे ते एका हिशेबावरून कळते. आयनीकारक किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. संपूर्ण शरीरावर सुमारे ४ ग्रे गॅमा किरण एकदम पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर माणसांपैकी निम्मी दगावतात. शेळी-कुत्र्यासारखे प्राणी त्याहून कमी मात्रेतही दगावतात. आता ही ४ ज्यूल ऊर्जा उष्णता म्हणून मोजली तर शरीराचे तापमान जेमतेम एक सहस्रांश अंशाने वाढेल. चहाच्या एका घोटाने याहून जास्त ऊब येते. मग मरण कशाने येते? एवढीशी ऊर्जा मोठ्या पुड्यांतून येते, पेशीतल्या पाण्याचे आयनीभवन करते, त्यातून अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात आणि डीएनएची दुहेरी साखळी जागोजाग तुटते. याउलट रेडिओ लहरींसाठी सामान्य जनतेची आंतरराष्ट्रीय मर्यादा संपूर्ण शरीराला किलोमागे ०.०८ वॅट आहे. या मर्यादेवर तासभर राहिले तर किलोमागे २८८ ज्यूल ऊर्जा शरीरात शिरते, म्हणजे त्या प्राणघातक ४ ज्यूलच्या ७२ पट, आणि तरीही माणूस ठणठणीत राहतो. कारण शांत बसलेले शरीर स्वतःच किलोमागे सुमारे एक वॅट उष्णता तयार करत असते आणि ती सहज बाहेर टाकत असते. तेव्हा या दोन प्रकारच्या किरणांबद्दल एका दमात बोलणे म्हणजे उन्हाची ऊब आणि बंदुकीची गोळी एका हिशेबात धरण्यासारखे आहे.

आयनीकारक किरण प्राण्यांचे काय करतात याबद्दल विज्ञानाला शंका उरलेली नाही. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि ट्रिबोंडो या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांना या किरणांची झळ सर्वाधिक बसते. म्हणूनच अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, प्रजननग्रंथी आणि गर्भ यांना धोका मोठा. १९२७ मध्ये हरमन म्यूलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या जनुकांत उत्परिवर्तने घडवली. त्याबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वऱ्हाडाला ही गोष्ट परकी नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर काम करून, किरणांनी बियाण्यात बदल घडवण्याच्या याच मार्गाने टीएयू-१ हा उडीद, टीएजी-२४ हा भुईमूग आणि टीएएमएस-३८ हे सोयाबीन शेतकऱ्यांच्या हाती दिले. बदल घडवण्याची ही ताकद इतकी खात्रीची आहे की तिच्यावर शेतीची योजना आखता येते. मात्र झाडाचे बी वर्षानुवर्षे निवडून त्यातला चांगला बदल राखता येतो. प्राण्याच्या शरीरात आपोआप घडणाऱ्या बदलांना असा निवडणारा हात नसतो. त्यातले बहुतेक निरुपयोगी किंवा घातक ठरतात.

या ताकदीचे सर्वांत बोलके उदाहरण कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे आहे. अळी शिरल्याने न उमललेले फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की पोटात गोळा येत नाही असा वऱ्हाडात शेतकरी नसेल. ही अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. भारतात २००२ मध्ये आलेले आणि २००६ मध्ये दुसऱ्या जनुकाची जोड मिळालेले बीटी वाणही तिने पचवले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीची तिने वाताहत केली. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि उत्तर मेक्सिकोत मात्र हीच अळी संपवण्यात आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपली कपाशी तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी कपाशी आणि कामगंध यांच्या जोडीला तिसरे हत्यार होते किरणांचे. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातल्या केंद्रात अळ्या कृत्रिम खाद्यावर वाढवल्या जात. त्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे, त्यामुळे पतंगाच्या पोटातही तो उतरे आणि सापळ्यात सापडलेला पतंग केंद्रातला की शेतातला हे चिरडून पाहताच कळे. कोषातून निघालेल्या या पतंगांवर सुमारे २०० ग्रे गॅमा किरण सोडत आणि मग ते विमानातून कपाशीवर विखुरत. सारे मिळून ११०० कोटींहून अधिक पतंग असे सोडले गेले. शेतातल्या मादीचा संग अशा नराशी झाला की अंडी पडत, पण त्यांतून अळी निघत नसे, कारण नराच्या शुक्राणूंतले डीएनए मोडलेले असे. पिढी दर पिढी संख्या घटत गेली. हे तंत्र अमेरिकेच्या एडवर्ड निप्लिंग यांनी गुराढोरांच्या जखमेत अळ्या पाडणाऱ्या स्क्रूवर्म माशीसाठी विकसित केले होते. १९५४ मध्ये क्युरासाओ बेट काही महिन्यांत त्या माशीपासून मुक्त झाले.

या उदाहरणात एक बारकावा दडला आहे. माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या पन्नास पट किरण अंगावर घेऊन हा पतंग उडतो, मादी शोधतो आणि संग करतो. कारण पूर्ण वाढलेल्या कीटकाच्या शरीरात विभागणाऱ्या पेशी फारशा उरलेल्याच नसतात. त्या असतात फक्त प्रजननाच्या अवयवात, आणि तिथेच घाव बसतो. म्हणजे किरण तेच असले तरी प्राणी बदलला की परिणाम बदलतो. याच मुद्द्यावर एक आक्षेप हमखास येतो. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, माणसे निघून गेली, आणि आज तिथे लांडगे, सांबरासारखी मोठी हरणे, रानडुकरे सुखाने राहतात. मग हे किरण इतके घातक कसे? उत्तर असे की एका प्राण्याचे आरोग्य आणि त्या जातीची एकूण संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्फोटानंतरच्या दिवसांत जवळचे पाइनचे जंगल अक्षरशः लालबुंद होऊन मेले, आणि ज्या प्राण्यांना त्या काळातली मोठी मात्रा मिळाली ते वाचले नाहीत. पुढे किरणोत्सर्ग ओसरत गेला आणि शिकार, नांगर, रस्ते, माणसांची वर्दळ हा त्याहून मोठा ताप गेला. २०१५ मध्ये बेलारुसच्या बाजूच्या अभ्यासात लांडग्यांची संख्या आसपासच्या राखीव वनांपेक्षा सात पटींनी जास्त आढळली. यावरून किरण निरुपद्रवी ठरत नाहीत. वन्यप्राण्यांना आपला शेजार किती महागात पडतो, हे मात्र त्यावरून ठरते.

आता बिनतारी लहरींकडे वळू. यांचा सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा. उंदरांसारख्या प्राण्यांत संपूर्ण शरीराला किलोमागे सुमारे ४ वॅट मिळाले की तापमान वाढते आणि वागणूक बदलते. याच्या एकपन्नासांश मात्रेवर माणसांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवली गेली, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा तिच्याही एकदशांशावर आणली. यावर लोक अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालाचा दाखला देतात, आणि तो द्यायलाच हवा. त्यात उंदीर आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत, रोज नऊ तास मोबाइलच्या लहरींत ठेवले होते. नर उंदरांच्या हृदयात एका विशिष्ट प्रकारच्या गाठी आढळल्या आणि त्यासाठी अहवालाने स्पष्ट पुरावा असल्याचे म्हटले. पण याच उंदरांची मात्रा किलोमागे १.५ ते ६ वॅट होती, म्हणजे जनतेच्या मर्यादेच्या जवळपास १९ ते ७५ पट; माद्यांत तसा पुरावा मिळाला नाही; आणि लहरींत राहिलेले नर न राहिलेल्यांपेक्षा जास्त जगले. अशा निष्कर्षाला केराची टोपली दाखवणे चूक, आणि त्यावरून टॉवरखालच्या कबुतराला कर्करोग होतो असे म्हणणेही चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले ते अशाच अपुऱ्या पुराव्यामुळे. गॅमा आणि क्ष-किरण मात्र तिच्या पहिल्या, म्हणजे सिद्ध कर्करोगकारकांच्या वर्गात आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप पुढचा आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये डॉ. असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पक्षी आणि मधमाश्यांसह वन्यजीवांवर दूरसंचार टॉवरचा काय परिणाम होतो हे तपासताना तिने ९१९ शोधनिबंध गोळा केले आणि त्यांपैकी बहुसंख्य निबंधांत काही ना काही परिणाम नोंदलेला आढळला. एवढ्या निबंधांना खोटे कसे म्हणायचे? खोटे म्हणायची गरज नाही. ते कशाबद्दल आहेत ते पाहायला हवे. त्यांत पेशींवरचे, उंदरांवरचे, माणसांवरचे प्रयोग मोठ्या संख्येने होते. पक्ष्यांवरचे आणि मधमाश्यांवरचे फारच थोडे. शिवाय प्रयोगशाळेतली मात्रा आणि शेतातली मात्रा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. चंदीगडच्या एका गाजलेल्या प्रयोगात मधमाश्यांच्या पेटीच्या आतच चालू फोन ठेवले होते, आणि तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेट्यांत. मेळघाटातल्या कड्यावरच्या आग्या मोहोळाला असा फोन कुणी बांधत नाही. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते, हे गणित विसरले की कुठलाही प्रयोग भयावह वाटतो.

मग खरा पुरावा कसा दिसतो? यासाठी गिधाडांची गोष्ट आठवावी. भारतातली गिधाडे नव्वदच्या दशकात झपाट्याने गेली, आणि याच दशकात, ३१ जुलै १९९५ ला, देशात मोबाइल सेवा सुरू झाली. नुसत्या काळाच्या मेळावर भिस्त ठेवली असती तर हाही गुन्हा टॉवरच्या माथी बसला असता. संशोधकांनी मेलेली गिधाडे फाडून पाहिली. आतल्या अवयवांवर पांढरा थर साचला होता. तो युरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. २००४ मध्ये कारण सापडले: गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले ढोर मेले, गिधाडांनी ते खाल्ले आणि तीही मेली. पिंजऱ्यातल्या गिधाडांना मोजून मात्रा दिल्यावर हीच लक्षणे उमटली. काळ, मात्रा, इंद्रिय आणि यंत्रणा, चारही धागे जुळले. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. आज बंदिवासात वाढवलेली गिधाडे महाराष्ट्राच्या जंगलात सोडली जात आहेत. २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये सोडलेल्या गिधाडांच्या पाठीवर तर मोबाइलच्या जाळ्यावरून ठावठिकाणा कळवणारी यंत्रे आहेत. टिपेश्वर अभयारण्यातला सी-१ हा वाघ २०१९-२० मध्ये गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातून तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एका वाघावरून लहरी सुरक्षित असल्याचे सिद्ध होत नाही. पण वाघांच्या वाटा शेतांमधून जातात हे त्या पट्ट्यामुळेच कागदावर आले.

बिनतारी लहरींवरचा एक आरोप मात्र या कसोटीला उतरला आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. जर्मनीच्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात युरोपीय रॉबिन या छोट्या स्थलांतरी पाखरावर काही वर्षे प्रयोग झाले. स्थलांतराच्या ऋतूत हे पाखरू रात्री नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्यात ठेवले की ज्या दिशेला जायचे त्या बाजूला ते उड्या मारते. पिंजऱ्याच्या आतून लावलेल्या कागदावर नखांचे ओरखडे उमटतात आणि ते मोजून दिशा कळते. विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत या पाखरांना दिशाच सापडेना. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले तेव्हा दिशा सापडली. जोड काढला, पुन्हा हरवली. ओरखडे मोजणाऱ्यांना जोड आहे की नाही हे सांगितलेले नसे. २०१४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शहरातल्या उपकरणांचा विद्युतचुंबकीय गोंगाट, तोही माणसांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी क्षीण, पाखराच्या डोळ्यातल्या चुंबकीय होकायंत्राला आंधळे करतो. उष्णतेचा इथे संबंध नाही. पण पुढचे काम तितकेच महत्त्वाचे. याच गटाने नंतर दाखवले की ७५ ते ८५ मेगाहर्ट्झच्या लहरी होकायंत्र बिघडवतात, १४० मेगाहर्ट्झच्या वरच्या नाही. सिद्धान्तानुसार ही सीमा ११६ मेगाहर्ट्झच्या आसपास पडते. मोबाइलच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झपासून पुढे सुरू होतात. म्हणजे कापशी तलावाच्या काठावर हिवाळा काढणाऱ्या गप्पीदासाच्या वाटेत खोडा घातलाच असेल, तर संशय टॉवरपेक्षा जुन्या रेडिओ प्रक्षेपणावर आणि विजेच्या उपकरणांच्या गोंगाटावर जातो. आणि चिमणी तर स्थलांतर करतच नाही.

चिमणीचा खटला आता निकाली काढता येतो. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ मध्ये २६०३ चिमण्या मोजल्या गेल्या. १९७५ मध्ये त्या ५४४ उरल्या, १९९५ मध्ये ४६ आणि २००० मध्ये ८. ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा १९८५ साली सुरू झाली. चार-पंचमांश चिमण्या तोवर गेलेल्या होत्या. घोडागाड्या गेल्या, त्यांच्याबरोबर सांडलेले दाणे आणि शेणातले किडे गेले, नव्या इमारतींत घरट्यांना जागा उरली नाही. भारतात हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार चिमणी देशभरात एकूण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. टॉवर तर शहराबाहेरही पसरले आहेत. बेल्जियममध्ये टॉवरजवळ चिमण्यांचे नर कमी आढळले, हा २००७ चा अभ्यास या विरुद्ध मांडला जातो. पण जिथे टॉवर दाट तिथे काँक्रीटही दाट आणि झाडे-झुडपे विरळ असतात. हे घटक वेगळे काढल्याशिवाय दोष लहरींना देता येत नाही. काळाच्या मेळाप्रमाणेच जागेचा मेळही फसवा असू शकतो.

वऱ्हाडात पाहावे तर चिमणीच्या संसाराला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकामागून एक गेल्या आहेत. घरट्यासाठी मातीच्या भिंतीतली खोबणी आणि कवेलूखालची फट हवी; त्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. मोठ्या चिमणीला दाणा हवा. ज्वारीची शेते आटली, सोयाबीन पसरले, खळी गेली. आणि पिल्लाला पहिल्या दिवसांत दाणा चालत नाही, त्याला मऊ अळ्या आणि मावा भरवावा लागतो. हा घास मिळतो झाडा-झुडपांवर आणि पिकावर, आणि तिथेच आपण पंप मारतो. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे कीटकाच्या मज्जातंतूवरच्या ग्राहकांना घट्ट धरून ठेवतात. यंत्रणा माहीत आहे, मात्रा मोजता येते. २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसून आले की ज्या भागातल्या पाण्यात हे औषध जास्त, तिथले कीटकभक्षी पक्षी दरवर्षी अधिक वेगाने कमी झाले. फवारणीची ताकद कळायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही: २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे विष धट्ट्याकट्ट्या माणसाला पाडते ते चिमणीच्या पिल्लाच्या ताटातला घास शिल्लक ठेवील, ही आशा व्यर्थ आहे. टॉवरला दोष देऊन आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतो, आणि चोर पुढच्या हंगामात पुन्हा शेतात शिरतो.

मग बिनतारी तंत्रज्ञानाला मोकळे रान द्यायचे का? नाही. सावधगिरीची दोन ठोस कारणे आहेत. पहिले कीटकांचे. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या फाइव्ह-जीसाठी ३.३ गिगाहर्ट्झबरोबर २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही लिलावात दिला गेला. २६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे मधमाशीच्या अंगाएवढी. लहरीची लांबी आणि शरीराचा आकार जुळला की शोषण वाढते. २०१८ मध्ये संगणकी प्रतिमानांवरून दाखवले गेले की सध्याच्या लहरींतला दहावा भाग जरी ६ गिगाहर्ट्झच्या वर सरकला तरी कीटकांचे शोषण ३ ते ३७० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. आजची तीव्रता इतकी क्षीण आहे की ही वाढही किरकोळ ठरू शकेल. पण परागीभवन करणारे कीटक एकदा गेले की परत आणता येत नाहीत, म्हणून मोजणी आधी व्हायला हवी. दुसरे कारण टॉवरच्या अंगाचे, लहरींचे नव्हे. उत्तर अमेरिकेत टॉवरला आणि त्यांच्या ताणतारांना धडकून दरवर्षी सुमारे ६८ लाख पक्षी मरतात असा अंदाज २०१२ मध्ये मांडला गेला. सतत जळणारे लाल दिवे ढगाळ रात्री पाखरांना खेचतात. लुकलुकणारे दिवे लावले की मृत्यू बरेच घटतात. आपल्या पर्यावरण मंत्रालयानेही ऑगस्ट २०१२ मध्ये, जुन्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आत नवा टॉवर देऊ नये अशी सूचना काढली. असे उपाय स्वस्त आहेत आणि ते करण्यासाठी लहरींबद्दलचा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

वऱ्हाडाजवळ या प्रश्नाचे उत्तर काढण्याची साधने इतर अनेक प्रदेशांपेक्षा जास्त आहेत. एका बाजूला मेळघाट आणि नरनाळा आहेत, जिथल्या अनेक गावांत नेटवर्क अजून धड पोहोचलेले नाही आणि फवारणीही कमी आहे. दुसऱ्या बाजूला अकोट-दर्यापूरचा कपाशीचा पट्टा आहे, जिथे टॉवरही आहेत आणि फवारणीही दाट. या दोन टोकांच्या मध्ये टॉवर असलेली पण फवारणी कमी असलेली, आणि फवारणी जास्त पण टॉवर दूर असलेली गावे निवडता येतात. अशा गावांत काही वर्षे एकाच पद्धतीने चिमण्या, मधमाश्या आणि पानांवरच्या अळ्या मोजल्या, जोडीला लहरींची तीव्रता आणि मातीतले कीटकनाशक मोजले, तर टॉवरचा वाटा किती आणि पंपाचा किती हे वेगळे काढता येईल. कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे, विद्यार्थी आहेत, पक्षिमित्र आहेत. बोंडअळीच्या बाबतीत किरण हत्यार बनले ते मात्रा, यंत्रणा आणि परिणाम कुणीतरी चिकाटीने मोजले म्हणून; गिधाडांचा मारेकरी सापडला तोही याच चिकाटीने. चिमणीबद्दल आपल्याला खरोखर कळवळा असेल तर तिच्या नावाने टॉवरविरुद्ध निवेदने देण्याआधी फवारणीचे वेळापत्रक बदलणे, धुऱ्यावरची झुडपे राखणे आणि नव्या घराच्या भिंतीत एक खोबणी सोडणे, ही कामे आजच हाती घेता येतात, कारण त्यांच्यामागचा पुरावा आजच पुरेसा आहे.